घोट्यापुरता समुद्र : ज्येष्ठांना किनाऱ्यावर नेताना

उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरांतून निघते, कर्जत, वांगणी, बदलापूर असे टप्पे घेत उतरते आणि कल्याणच्या पुढे खाडीचे रूप घेऊन समुद्राला मिळते. बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर या आपल्या तिन्ही शहरांना समुद्रकिनारा नाही. मात्र पाण्याचा धाक येथील माणसाला चांगलाच ठाऊक आहे. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनी पाहिला, त्यांच्या मनातून तो अजून ओसरलेला नाही. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली आणि शेकडो प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले, ते दृश्यही आपण विसरलेलो नाही.

तरीही या तीन शहरांतील कित्येक घरांत एक वृद्ध मन समुद्रासाठी आतुर असते. नोकरीच्या निमित्ताने तळकोकण सोडून अंबरनाथ-बदलापुरात स्थिरावलेली पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. उल्हासनगर तर १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी वसवलेले शहर. तेथील वयोवृद्धांपैकी काहींच्या बालपणी कराचीचा किनारा होता. अशा माणसाने एखाद्या दिवशी सहज म्हणावे, ‘‘एकदा पाय बुडवून यावेसे वाटते.’’ घरातल्यांना ते ऐकू येते, ते त्यांना समजतेही, आणि तरीही सहलीच्या दिवशी घडते ते वेगळेच. मुले, नातवंडे पाण्यात जातात. आजींना मुक्कामाच्या ओसरीत खुर्ची मिळते. ‘‘आई, तुम्ही इथेच बसा हं, तिकडे वाळूत चालवणार नाही तुम्हांला,’’ असे सूनबाई प्रेमानेच सांगतात. शेकडो किलोमीटर येऊन समुद्र दिसतो तो कठड्याच्या गजांमधून.

ही खुर्ची म्हणजे सुरक्षितता, असे आपण धरून चालतो. ज्येष्ठ वाचकहो आणि त्यांची काळजी वाहणाऱ्या कुटुंबीयांनो, या लेखाचे म्हणणे थोडे निराळे आहे. बहुतेक ज्येष्ठांना समुद्रापर्यंत सुखरूप नेता येते. त्यासाठी धाडस लागत नाही. योग्य जागा, योग्य वेळ आणि आधी ठरवलेली मर्यादा एवढे तीन निर्णय लागतात. नदीचा धोका ऋतूचा असतो, समुद्राचा धोका तासाचा असतो. आपल्या शहरांतील माणसाला पहिला हिशेब पाठ असतो. दुसरा शिकून घ्यावा लागतो.

जागा : चिवल्याचे उदाहरण

उदाहरण म्हणून मालवणचा चिवला किनारा डोळ्यांसमोर ठेवू. मालवण शहराला लागूनच असलेला हा लहानसा, अर्धचंद्राकार किनारा आहे. मागे माडांची रांग, दोन्ही टोकांना खडक आणि मध्ये सौम्य उताराची वाळू. मोकळ्या, सरळ किनाऱ्यावर लाटा जशा थेट आदळतात, तशा त्या येथे एरवी आदळत नाहीत. हिवाळ्यात याच ठिकाणी सागरी जलतरणाच्या स्पर्धा होतात. मुख्य म्हणजे वस्ती जवळ असल्याने वाहन किनाऱ्याच्या अगदी लगत येते. ज्येष्ठांच्या दृष्टीने या शेवटच्या गोष्टीला निसर्गसौंदर्याइतकेच महत्त्व आहे. कोरड्या, भुसभुशीत वाळूतील पन्नास पावले ही सडकेवरील पन्नास पावलांहून कितीतरी अधिक श्रमाची असतात. गुडघ्याचे सांधे बदललेल्या किंवा दम लागणाऱ्या माणसासाठी सगळा प्रवास त्या पन्नास पावलांतच अवघड होऊ शकतो.

आडोशाचा किनारा म्हणजे निर्धोक किनारा, असे मात्र समजू नये. चिवल्याच्या टोकांचे खडक ओहोटीला उघडे पडतात. त्यांवर शेवाळ असते आणि कालवांच्या धारदार कडा असतात. छायाचित्रासाठी सर्वांत मोहक दिसणारी ही जागा वृद्ध पावलांसाठी सर्वांत वाईट. लाटांचे पाणी परतताना खडकांच्या कडेने ओढही निर्माण होते. म्हणून बसण्या-उभे राहण्याची जागा खडकांपासून दूर, किनाऱ्याच्या मध्यभागी निवडावी. या किनाऱ्यावर रापण ओढली जाते. लांबच लांब जाळे होडीने समुद्रात सोडून अनेक माणसे ते किनाऱ्यावरून दोरांनी खेचतात. पाहण्यासारखे दृश्य असते ते. परंतु ताणलेला दोर नजर कमी झालेल्या माणसाला दिसत नाही. वाळूत पडलेले, नांगरलेल्या होडीचे दोरही पायांत येतात. रापण बाजूने पाहावी, दोर ओलांडू नये.

समुद्र एकच असला तरी त्याची वागणूक किनाऱ्यागणिक बदलते, हेही ध्यानात असावे. चिवल्यापासून फार दूर नसलेल्या वायरीच्या किनाऱ्यावर एप्रिल २०१७ मध्ये सहलीसाठी आलेल्या आठ जणांचा बुडून मृत्यू झाला. ती माणसे वृद्ध नव्हती, बहुतेक ऐन तारुण्यात होती. लाटा फुटत असलेल्या पट्ट्यांच्या मधोमध एखादी फळी शांत, काहीशी गडद दिसते. अनोळखी माणसाला तीच सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात पुष्कळदा तेथूनच किनाऱ्यावर आलेले पाणी वेगाने परत जात असते. शांत दिसणारे पाणी आणि सुरक्षित पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणूनच नेमके कोठे उभे राहावे, हे किनाऱ्यावरील एखाद्या मच्छीमाराला किंवा मुक्कामाच्या घरमालकांना विचारल्यावाचून पाऊल पाण्यात टाकू नये.

मालवणचा प्रवास झेपण्याजोगा नसेल, तर अलिबागजवळचे किनारे आपल्याला पुष्कळ जवळ आहेत. तेथे भरती-ओहोटीतील फरक अधिक असतो, एवढे लक्षात असू द्यावे. कुलाबा किल्ल्यापर्यंत ओहोटीत चालत जाता येते आणि भरती चढली की तीच वाट पाण्याखाली जाते. ज्येष्ठांनी त्या वाटेच्या फंदात पडू नये. किनाऱ्यावरून दिसणारा किल्लाही सुंदरच असतो.

वेळ : भरतीचा हिशेब

मालवणी बोलीत किनाऱ्याला ‘वेळ’ म्हणतात. चिवल्याचा उल्लेखही तिकडची माणसे ‘चिवल्याची वेळ’ असा करतात. संस्कृतातील ‘वेला’ या शब्दाचे किनारा, भरती आणि समय असे तिन्ही अर्थ होतात. भाषेने एकत्र बांधलेल्या या तीन गोष्टी आपणही एकत्रच पाहाव्यात.

समुद्राला दिवसातून साधारणतः दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते आणि त्यांच्या वेळा रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकतात. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या आसपास पाणी सर्वाधिक चढते व सर्वाधिक उतरते; त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढउतार सर्वांत कमी असतो. कोकणात त्याला भांगाची भरती असे नाव आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा जुना हिशेब आपल्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती. हा हिशेब मुंबईच्या आसपास अंदाजापुरता चांगला आहे. दक्षिणेला, मालवणकडे भरती काहीशी आधी येते. त्यामुळे दिनदर्शिकेवरून दिवस निवडावा आणि तास मात्र तेथील माणसाला विचारून ठरवावा.

ज्येष्ठांसाठी अष्टमी ते दशमी, शुद्ध किंवा वद्य, हे दिवस सोयीचे. या दिवसांत पाण्याची ये-जा संथ असते आणि दुपारी उन्हे कलल्यावर पाणी सहसा हळूहळू चढत असते. उतरत्या पाण्यापेक्षा चढते पाणी बरे, कारण ते माणसाला किनाऱ्याकडे लोटते. परंतु उधाणाच्या दिवशी पूर्ण भरतीच्या वेळी ज्येष्ठांना पाण्याजवळ नेऊ नये. तेव्हा वाळूचा सपाट पट्टा पाण्याखाली जातो आणि लाटा वरच्या तीव्र उतारावर फुटतात.

ऋतू म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. आपल्याकडची कुटुंबे गावी जातात ती बहुधा मे महिन्यात आणि गणपतीत. मे महिन्यात दमट उष्म्याचा त्रास असतो आणि महिना सरता सरता समुद्रही खवळू लागतो. गणपतीचे दिवस पावसाळ्यातले. नारळी पौर्णिमा होऊन गेली म्हणजे समुद्र सहलीसाठी मोकळा झाला असे नव्हे. त्या दिवसांत समुद्र सडकेवरून, छत्रीखालून पाहावा. आकाश निरभ्र असले तरी हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून दिले जाणारे उंच लाटांचे इशारे पाहावेत. दूर दक्षिणेकडील महासागरात वादळाने उठलेल्या लाटा काही दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर पोहोचतात. त्या वेळी येथे वाराही नसतो.

दिवसातील वेळ निवडताना सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर, आणि अंधार पडण्यापूर्वी परत, हा नियम ठेवावा. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला संध्याकाळी अनोळखी जागेत अधिक अस्वस्थ वाटते. त्यांच्यासाठी सकाळच योग्य. त्यांच्या खिशात नाव, सोबतच्या माणसाचा दूरध्वनी क्रमांक आणि औषधांची नावे लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.

मर्यादा : घोट्यापर्यंत

आता मुख्य क्षण. ज्येष्ठ व्यक्ती पाण्याच्या कडेशी उभी आहे. येथे नेमके काय घडते, ते समजून घेऊ.

लाट परत जाताना टाचांखालची वाळू घेऊन जाते. तरुण माणसाला गंमत वाटते. वृद्ध शरीर मात्र नकळत मागे कलते. त्याच वेळी नजर पायांजवळच्या वाहत्या पाण्यावर असेल, तर आपणच सरकत आहोत असा भास होतो. शरीराचा तोल पायांच्या तळव्यांतील संवेदना, डोळे आणि आतला कान या तिघांच्या भरवशावर चालतो. मधुमेहामुळे तळव्यांची संवेदना कमी झालेली असेल, तर सारी भिस्त डोळ्यांवर असते आणि डोळे तर या वेळी चकवा खात असतात. घोट्याएवढ्या पाण्यातही माणूस पडतो तो यामुळे. बुडण्याची भीती आपण बाळगतो. प्रत्यक्षात ज्येष्ठांच्या बाबतीत अधिक संभवते ते पडणे आणि त्यातून खुब्याचे हाड मोडणे.

यावर उपाय साधे आहेत. पाण्यात घोट्यापलीकडे जाऊ नये. दोन्ही पायांत अंतर ठेवून, लाटेकडे थोडी कूस करून उभे राहावे. नजर पायांवर न ठेवता दूर क्षितिजावर ठेवावी. दोन-तीन लाटा गेल्या की पाऊल उचलून नव्या, घट्ट वाळूवर ठेवावे. सोबतच्या माणसाने समुद्राच्या बाजूला उभे राहून ज्येष्ठांना आपल्या दंडाचा आधार घेऊ द्यावा. त्यांचा पंजा धरून ओढू नये, त्याने तोल अधिकच जातो. समुद्राकडे दोघांनीही एकाच वेळी पाठ करू नये. काठी वापरणाऱ्यांची काठी ओल्या वाळूत रुतते. तिच्या एका टोकाच्या आधारावर विसंबू नये. फार अशक्तपणा असेल, तर कोरड्या आणि ओल्या वाळूच्या सीमेवर, रुंद पायांची खुर्ची पक्की रोवून तीवर बसावे आणि पावलांशी येणाऱ्या पाण्याचा आनंद घ्यावा. लाट खुर्चीच्या पायांखालची वाळूही काढत असते, म्हणून दर थोड्या वेळाने खुर्ची सरकवावी.

पादत्राणे मागे पट्टा असलेली, रबरी तळाची असावीत. नुसती सपाता वाळूत निसटते. मधुमेही व्यक्तीने अनवाणी चालण्याचा मोह टाळावा. तापलेल्या वाळूचा चटका किंवा शिंपल्याची काप त्यांना जाणवत नाही आणि चार दिवसांनी जखम दिसते. परतल्यावर गोड्या पाण्याने पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, तळवे उजेडात नीट पाहावेत. स्त्रियांसाठी एक सूचना : ओली साडी जड होते आणि पायांभोवती गुंडाळली जाते. त्या तासापुरता सलवार-कुडता घालावा किंवा साडी घोट्याच्या चांगली वर खोचून घ्यावी.

यांहून महत्त्वाचा नियम सोबतीचा. एका ज्येष्ठ व्यक्तीसाठी एक माणूस, आणि त्या माणसाकडे तेवढ्या वेळात दुसरे कोणतेही काम नको. कडेवर लेकरू नको, हातात मोबाइल नको. घरातील सर्वजण असताना प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याचे लक्ष आहे. अपघात घडतात ते याच समजुतीत.

औषधे, पाणी आणि शहाळे

प्रवासात स्वच्छतागृहाची अडचण नको म्हणून अनेक ज्येष्ठ दोन गोष्टी गुपचूप करतात : पाणी कमी पितात आणि रक्तदाबासाठी किंवा पायांवरील सुजेसाठी दिलेली ‘लघवीची गोळी’ त्या दिवशी टाळतात. दोन्ही धोक्याच्या. शरीरात पाणी कमी असताना उन्हातून चालले की उठता क्षणी डोळ्यांपुढे अंधारी येते. आपल्या आई-वडिलांना हे मोकळेपणाने विचारा; लाजेपोटी ते आपण होऊन सांगत नाहीत. गोळीची वेळ सकाळऐवजी मुक्कामी पोहोचल्यानंतर घेता येईल का, हे डॉक्टरांना आधी विचारावे. ज्यांना हृदयविकारामुळे किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी उन्हाच्या दिवशी किती प्यावे, हेही त्याच भेटीत ठरवावे.

कोकणात पाऊल टाकताच हातात शहाळे येते. निरोगी माणसाला ते उत्तमच. परंतु त्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, तसेच पोटॅशियम वाढवणारी रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांच्या संमतीवाचून शहाळ्यावर शहाळे पिऊ नये. सकाळी किनाऱ्यावर जाण्यापूर्वी ऊनऊन पेज हा हलका आणि पाणी पुरवणारा आहार आहे. दुपारच्या भरपेट जेवणानंतर मात्र वृद्धांचा रक्तदाब काही काळ उतरू शकतो. जेवून उठल्या उठल्या किनारा नको. दोन तास विश्रांती घ्यावी.

इन्सुलिन बंद मोटारीत ठेवू नये आणि थेट बर्फावरही ठेवू नये. दोन्हीने त्याचा गुण जातो. मधुमेही व्यक्तीच्या सोबत साखर किंवा ग्लुकोजची पुडी असावीच. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर वाळू आणि खारे पाणी यांपासून डोळे जपावेत. डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावरच जावे. श्रवणयंत्र पाण्याजवळ जाताना काढून डबीत ठेवावे. मात्र मग सूचना मागून हाका मारून न देता समोर येऊन, खुणेने द्याव्यात. रक्त पातळ करणारे औषध चालू असलेली व्यक्ती पडली आणि डोक्याला मार बसला, तर ‘काही झाले नाही’ असे तिने म्हटले तरी त्वरित रुग्णालयात न्यावे.

घरीच सुरू होणारी तयारी

समुद्राची तयारी स्वयंपाकघराच्या ओट्याशी सुरू होते. जाण्यापूर्वी महिनाभर पुढील दोन गोष्टी करून पाहाव्यात. हात न टेकता खुर्चीवरून सलग पाच वेळा उठता-बसता येते का? एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याची बोटे लावून, एका रेषेत, १० सेकंद स्थिर उभे राहता येते का? ओटा हाताशी असावा आणि घरातील कोणीतरी जवळ उभे असावे. जमले, तर ओल्या, घट्ट वाळूवर दंडाच्या आधाराने चालणे बहुधा जमेल. न जमल्यास निराश होऊ नये. हाच सराव डॉक्टरांच्या किंवा भौतिकोपचार तज्ज्ञांच्या सल्ल्याने रोज केल्यास सुधारणा दिसते. आणि तोपर्यंत खुर्चीचा मार्ग आहेच.

प्रवासाविषयी दोन शब्द. लोकलमधून उतरून, जिने चढून कोकणची गाडी गाठणे ज्येष्ठांना दमवते. शक्य असल्यास बदलापूर-अंबरनाथहून मोटारीने थेट पनवेल गाठावे आणि तेथून कोकण रेल्वेने कुडाळ. तेथून मालवण साधारण तीस किलोमीटर आहे. रेल्वेत ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बर्थचा राखीव कोटा असतो. तो एकट्याने किंवा दोघांनी एका तिकिटावर प्रवास करताना मिळतो. सगळ्या कुटुंबाचे एकच तिकीट काढले की हा लाभ हुकतो, म्हणून आजी-आजोबांचे तिकीट वेगळे काढावे. पोहोचल्या दिवशी किनाऱ्याचा हट्ट धरू नये. पहिला दिवस झोपेचा, दुसरा समुद्राचा. मुक्कामाच्या खोलीत रात्री स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाटेवर दिवा चालू ठेवावा. सहलीतील कित्येक पडझडी किनाऱ्यावर होतच नाहीत, त्या अनोळखी न्हाणीघरात होतात.

मालवणात ग्रामीण रुग्णालय आहे आणि ओरोस येथे जिल्हा रुग्णालय. मुक्कामापासूनची वाट पहिल्याच दिवशी विचारून ठेवावी. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही संकटात ११२ हे क्रमांक घरातील लहानांनाही पाठ असावेत.

काही विपरीत घडलेच तर

कोणी खोल पाण्यात ओढले गेले, तर आरडाओरड करून मच्छीमारांना बोलवावे. दोर, लांब बांबू, रिकामा झाकणबंद कॅन, जे तरंगेल किंवा पोहोचेल ते त्या व्यक्तीकडे फेकावे. पोहता येत असले तरी आपण स्वतः उडी घेऊ नये. वाचवायला गेलेलाच बुडाल्याची उदाहरणे कमी नाहीत. ज्येष्ठ व्यक्ती वाळूत पडली, तर घाईने बखोटीला धरून उठवू नये. वेदना कोठे आहे ते विचारावे. मांडीच्या सांध्यात दुखत असेल किंवा पाय आखूड अथवा बाहेर वळलेला दिसत असेल, तर न हलवता, केवळ लाटेच्या कक्षेबाहेर अलगद घेऊन रुग्णवाहिकेची वाट पाहावी. जेलीफिशचा दंश झाल्यास ती जागा समुद्राच्याच पाण्याने धुवावी; गोडे पाणी ओतू नये आणि चोळू नये. श्वास लागला किंवा सूज पसरली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. उन्हाने अंग तापून व्यक्ती असंबद्ध बोलू लागली, तर सावलीत नेऊन ओल्या कापडाने व वाऱ्याने अंग गार करावे आणि १०८ ला कळवावे. तिला बळेच पाणी पाजू नये.

आधी बोलून घ्यावे

या साऱ्या सूचना वाचून कोणाला वाटेल, एवढे सोपस्कार करण्यापेक्षा ओसरीतली खुर्चीच बरी. हा निर्णय मात्र एकट्या मुला-सुनांचा नाही. निघण्यापूर्वी एखाद्या संध्याकाळी आई-वडिलांजवळ बसून विचारावे : ‘‘आई, तुला नेमके काय करायचे आहे तिथे?’’ उत्तर पुष्कळदा अगदी लहान असते. कोणाला फक्त पाय भिजवायचे असतात. कोणाला ओंजळभर पाणी डोळ्यांना लावायचे असते. कोणाला पहाटेची रापण पाहायची असते. गेलेल्या जोडीदाराची आठवण काढत घटकाभर कोणाला एकटेच बसायचे असते. एवढीच इच्छा असेल, तर तेवढ्याचीच नीट व्यवस्था करता येते. मर्यादाही त्याच बैठकीत ठरवावी : घोट्यापर्यंत, पंधरा मिनिटे, आणि कोणीही ‘आता पुरे’ म्हटले की वाद न घालता परत. ज्येष्ठांनीही हा शब्द पाळावा. त्यांनी शब्द पाळला, तर पुढच्या वेळी घरातले न घाबरता नेतील.

ज्येष्ठ वाचकहो, आपणही संकोच सोडावा. ‘‘मला कशाला, तुम्ही जाऊन या,’’ हे वाक्य आपण किती सहज म्हणतो! त्यामागे पुष्कळदा अनिच्छा नसते. आपला भार मुलांवर पडू नये ही भीती असते. हवे असेल ते सांगावे. चक्कर येते, लघवी आवरत नाही, नीट दिसत नाही, हेही सांगावे. लपवलेला आजार किनाऱ्यावर फार महागात पडतो. सांगितलेल्या आजाराची तजवीज होऊ शकते.

मग एखाद्या हिवाळी दुपारी, उन्हे कललेली असताना, पाणी सावकाश चढत असताना, वाहन किनाऱ्यालगत थांबेल. पन्नास पावले दंडाच्या आधाराने, मध्ये दोनदा थांबून. पुढे ओली, घट्ट वाळू. एक लाट येईल, घोट्यांना लागेल आणि परत जाईल. बदलापूरहून निघालेला माणूस तेव्हा खऱ्या अर्थाने पोहोचलेला असेल. घरी परतल्यावर पाय धुऊन, तळवे तपासून, वेळेवर औषध घेऊन झोपायचे आहे, तेवढे मात्र विसरू नये.